आमची वाटचाल : आधी खांदा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्यापासून पाच मिनिटांच्या अंतरावर वडिलांनी एका मशीनवर दुकान सुरू केलं. तेव्हा सूटचं कापड म्हटलं की देशभर आपल्याच गावाचं नाव घेतलं जायचं. १९४७ साली इथे स्थापन झालेल्या ग्वालियर रेयॉनचं ‘ग्वालियर सूटिंग’. त्याच्या जाहिरातीत पतौडी आणि शर्मिला टागोर असत. ते कापड काखोटीला मारून गिऱ्हाईक यायचं आणि वडील आधी त्याला नुसतं उभं करून बघायचे. टेप नंतर.

बघायचे ते खांदे. बहुतेकांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा थोडा उतरता असतो. वडिलांच्या वहीत छाती, कंबर, बाही यांच्या पुढे ‘उजवा पाव इंच खाली’ अशा नोंदी असायच्या. त्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. कितीतरी घरांतल्या आजोबांचं माप त्यांत आहे आणि नातू कोट शिवायला आला की मी ते पान काढून दाखवतो.

मी धंद्यात आलो तेव्हा मला घाई होती. लग्नसराईत एका नवरदेवाचा कोट मी ट्रायल न घेताच दिला. माप अचूक होतं, आरशात कोट सुरेख दिसत होता. पण हार घालायला त्याने हात वर केले आणि अख्खा कोट कानाशी आला, कॉलर मानेपासून सुटली. मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, मी खोल कापला होता. बाही खाली जोडली गेली की हात उचलताना ती कोटालाच ओढते. मुंढा काखेजवळ राहिला तर नुसती बाही हलते, कोट जागचा हलत नाही. त्या मुलाच्या लग्नाचे सगळे फोटो तसेच आले. मी घरी जाऊन माफी मागितली, पैसे परत केले, पण फोटो काही बदलता आले नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे कच्च्या शिलाईवर दोन ट्रायल झाल्याशिवाय कोट बाहेर पडत नाही आणि प्रत्येक ट्रायलला हात वर करायला लावतो.

मग रेडीमेडचं युग आलं. दुकानाचं भाडंही निघेना, तेव्हा आम्ही रेडीमेड कोट बसवून देण्याचं काम धरलं. आज अर्धा धंदा त्यावर चालतो. कंबर आत घेता येते, बाही आखूड करता येते, शिवणीत माया, म्हणजे जादा कापड, ठेवलेली असेल तर इंचभर सोडताही येतं. खांद्याला मात्र मी हात लावत नाही. त्यासाठी बाही, कॉलर, आतलं कॅनव्हास सगळं उसवावं लागतं, खर्च नव्या कोटाइतका येतो आणि तरी तो बसेलच याची खात्री नाही. ‘हा परत करा’ असं गिऱ्हाइकाला सांगितलं की माझ्या भावाला सुरुवातीला वाईट वाटायचं. पण तीच माणसं पुढच्या वेळी विकत घेण्याआधी दुकानातून फोन करू लागली. त्यांना मी सांगतो, भिंतीला कडेने टेकून उभे राहा. दंडाच्या आधी खांद्याचं पॅडिंग भिंतीला लागलं तर कोट मोठा आहे. वरचं बटण लावल्यावर पोटाशी फुलीसारख्या सुरकुत्या पडल्या तर लहान आहे.

ग्वाल्हेरची थंडी हा आमच्या कामातला वेगळाच धडा आहे. जानेवारीत पारा पाच अंशांखाली जातो. दिवाळीनंतर नुसत्या शर्टावर माप दिलेलं गिऱ्हाईक तोच कोट ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात अर्ध्या बाहीच्या स्वेटरवर घालतं. हा मेळा तेव्हाचे महाराज माधवराव शिंदे यांनी १९०५ साली सुरू केला आणि इथल्या लोकांचे नवे कोट अजूनही तिथेच पहिल्यांदा बाहेर निघतात. शर्टावरच्या छातीच्या मापात आम्ही साधारण चार इंच सैल ठेवतो, आत स्वेटर असेल तर आणखी एक. हा एक इंच विसरला की संध्याकाळी बटण लागत नाही.

आता माझी मुलगी मापं घेते. इंटरव्ह्यूसाठी ब्लेझर शिवून घ्यायला मुली येऊ लागल्या त्या तिच्यामुळे. ती वहीऐवजी फोनवर नोंदी करते, पण ‘उजवा पाव इंच खाली’ तसंच लिहिते.

यंदाच्या मेळ्यासाठीची मापं सुरू झाली आहेत. येताना स्वेटर अंगात घालून या.