चार चमचे आणि एक गळ

नवी मुंबईत सारसोळेच्या जेट्टीवर मासे धरायची माझी 900 रुपयांची तयार रिग तिसऱ्याच कास्टला, म्हणजे तिसऱ्याच फेकीला, गेली. छत्रीसारख्या पसरलेल्या पाच तारा, प्रत्येक तारेच्या टोकाला एक रबरी मासा आणि प्रत्येक माशात एक गळ. पाण्याखाली कालवं लागलेल्या दगडाला पाचांपैकी कुठला तरी गळ अडकला. मी ताण दिला आणि दोरी गाठीपाशीच तुटली.

पैशांचं वाईट वाटलंच. पण शेजारी जाळं आवरत बसलेल्या कोळीकाकांचं एक वाक्य जास्त लागलं. "पाच गळ खाडीत सोडलेस रं पोरा. उद्या कुनाचं तरी जालं फाटंल." त्यात राग नव्हता, साधी काळजी होती. त्या दिवशी ठरवलं की ही रिग आपण घरी करायची. खर्च कमी हवा आणि गळ एकच हवा.

या रिगमागचा विचार मला मनापासून आवडतो. खाडीतला जिताडा, ज्याला आपल्याकडे खजुरीही म्हणतात, आडोशाला दबा धरून बसतो आणि समोरून जाणाऱ्या बारक्या माशांच्या थव्यावर झडप घालतो. एकटा रबरी मासा म्हणजे एकच मासा, पण पाच एकत्र गेले की थवा दिसतो. थव्यातला जो मागे रेंगाळतो तोच शिकाऱ्याच्या नजरेत भरतो. अमेरिकेत 2011 साली पॉल इलायस यांनी गंटर्सव्हिल तलावावरची मोठी स्पर्धा अशाच 'अलाबामा रिग'वर जिंकली आणि तिचं नाव सगळीकडे झालं. पुढे तिथल्या काही राज्यांत एका रिगला किती गळ लावायचे यावर मर्यादा असल्याने लोक बाकीच्या तारांना बिनगळाची आमिषं लावू लागले. मला हेच हवं होतं. चार नुसती चमकणारी आणि मधे, जरा मागे रेंगाळणारा, गळ असलेला एक.

पहिली तार मी हार्डवेअरच्या दुकानातून आणली, साधी जीआय, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी. दोनदा खाऱ्या पाण्यात गेली आणि गंजली. मग मऊ स्टेनलेस स्टीलची आणली. ती गंजली नाही, पण एका कास्टमध्ये वाकली की वाकलेलीच राहायची. हवी होती स्प्रिंगची स्टेनलेस तार, वाकवली तरी पुन्हा सरळ होणारी. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पट्ट्यात स्प्रिंगा बनवणारी छोटी वर्कशॉप आहेत. त्यातल्या एकात विचारलं, तर मालकांनी 1 मिलिमीटरच्या तारेचे उरलेले तुकडे पिशवीभर दिले आणि पैसे घ्यायला तयार होईनात. शेवटी चहा पाजला.

चमकणाऱ्या आमिषांसाठी वेफर्सच्या पाकिटांच्या चंदेरी पट्ट्या वापरता येतात. मी वापरल्या नाहीत, कारण रिग तुटली तर तेवढं प्लॅस्टिक खाडीत जाणार. त्याऐवजी भांड्यांच्या दुकानातून मिठाचे बारके स्टीलचे चमचे आणले, एकेक 8 रुपयांना. दांडा कापायचा, कडा कानशीने घासायच्या आणि अरुंद टोकाला भोक पाडायचं. ऐकायला सोपं आहे, पण त्या भोकाने माझे दोन रविवार खाल्ले.

ड्रिल जोरात फिरवलं की टोक स्टीलवर नुसतं घसरायचं, किंचाळायचं, आणि ती जागा निळसर होऊन आणखी कडक व्हायची. तीन बिटं बोथट झाली. शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक काका राहतात, रबाळ्याला लेथवर आयुष्य गेलेलं. त्यांना चमचा दाखवला. त्यांनी तो नखाने तपासला आणि म्हणाले, "अरे, स्टेनलेसला घाई चालत नाही. स्पीड कमी कर, दाब वाढव, तेलाचा थेंब सोड. ते घासलं गेलं की कडक होतं, म्हणून घासू द्यायचंच नाही, कापायचं." आधी खिळ्याने ठोकून खळगा केला, खाली लाकूड घेतलं, मशिनच्या तेलाचा थेंब टाकला आणि ड्रिल अगदी सावकाश फिरवलं. या वेळी भुकटी पडली नाही. केसासारखी बारीक, चकचकीत, गुंडाळलेली चिरफळी वर आली आणि बीट पलीकडे निघालं. त्या दिवशी मी बसल्या बसल्या बारा चमचे केले.

सांगाडा करायला सोपा. चार तारा 15 सेंटीमीटरच्या, मधली पाचवी 20 ची. दागिने करणाऱ्यांची गोल नाकाची पक्कड घेऊन प्रत्येक टोकाला डोळा, म्हणजे बारका गोल फासा, पाडला. वरची टोकं एकत्र धरून एका जाड स्विव्हलभोवती, म्हणजे पीळ न पडू देणाऱ्या फिरत्या कडीभोवती, वळवली. पहिल्यांदा ती डागण्याचा प्रयत्न केला, पण साध्या फ्लक्सने स्टेनलेसवर डाग धरत नाही, शिसं थेंब होऊन ओघळतं. मग तांब्याच्या बारीक तारेने घट्ट आवळलं आणि वरून एम-सील. दोन्ही भाग एकच रंग येईपर्यंत मळायचे, स्विव्हलचा फिरणारा भाग मोकळा ठेवायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. नंतर चारही तारा बाहेर पसरवल्या, टोकाटोकांत साधारण 10 सेंटीमीटर राहतील एवढ्या. चमचा, कडी आणि बारकं स्विव्हल मिळून 5 सेंटीमीटरच्या आत ठेवायचं, नाहीतर शेजारशेजारचे चमचे एकमेकांत अडकतात.

पहिली रिग मी मोठ्या चहाच्या चमच्यांची केली होती. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती 52 ग्रॅम भरली आणि माझा रॉड 30 ग्रॅमपर्यंतचंच वजन फेकणारा. ती फेकायचं धाडस केलं नाही. मिठाच्या चमच्यांची रिग जिगहेडसकट, म्हणजे वजनदार डोक्याच्या मधल्या गळासकट, 27 ग्रॅम झाली.

खाडीचं पाणी गढूळ, त्यात रिग कशी चालते ते दिसत नाही. मुरबाडला मेव्हण्याच्या शेततळ्यावर गेलो आणि काठाकाठाने ओढून पाहिलं. दोन चमचे फिरतच नव्हते, कारण ते थेट कडीला लावले होते, मधे स्विव्हल नव्हतं. उरलेले दोन एकाच बाजूने फिरत होते, त्यांनी सगळा सांगाडाच पिळला जात होता. सगळ्यांना स्विव्हलं घातली, मधला जिगहेड 10 ग्रॅमचा केला, तेव्हा तो वजनाने खाली राहिला आणि चमचे त्याच्याभोवती सरळ पसरले. काठावरून पाहताना वाटलं, खरंच पाच मासे चाललेत.

आणखी एक बदल कोळीकाकांच्या वाक्यामुळे. रॉडवरची ब्रेडेड, म्हणजे विणलेली, दोरी 40 पाउंडांचा ताण सोसणारी, पण मधल्या तारेला गळ बांधला तो 25 पाउंडांच्या तंगुसाच्या (नायलॉन दोरीच्या) छोट्या तुकड्याने. अडकलाच तर तो तुकडा तुटणार, एक गळ जाणार, सांगाडा आणि चमचे परत येणार. आतापर्यंत दोनदा तसंच झालं. सगळी रिग मला 185 रुपयांना पडली, त्यातले 90 नुसते मधल्या रबरी माशाचे आणि जिगहेडचे.

वेळही महत्त्वाची. उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ फार आणि गाळ वर आलेला, मासा चमचा बघणार कसा? मी भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे भरती-ओहोटी कमी असलेले, दिवस निवडतो. तिथीला पाऊणने गुणलं की मुंबईकडच्या पूर्ण भरतीची वेळ निघते, हे जुन्या माणसांना पाठ असतं. कार्तिक वद्य नवमी होती, नवाला पाऊणने गुणलं की पावणेसात. ऐरोली आणि वाशी पुलांमधला खाडीचा पश्चिम भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिकडे मी गळ टाकत नाही. सारसोळेलाच सहाला पोचलो.

कोळीकाका होतेच. "यो काय रं झुंबर?" त्यांनी हातात घेऊन प्रत्येक चमचा बोटाने फिरवून पाहिला, मग मधला गळ बघितला आणि मान डोलावली. "एकच हाय. ब्येस."

पाणी उलटायला लागलं तसं मी तिवरांच्या कडेला समांतर फेकू लागलो. सावकाश ओढायचं, मधे थांबायचं, पुन्हा ओढायचं. तासभर काही नाही. मग एकदा थांबलो आणि रॉडचं टोक एकदम खाली गेलं. दोनदा पाण्याबाहेर उडाला, चमचे खणखणले. काकांनी फडक्याने धरून वर घेतला. जिताडा, दीडेक किलोचा, गळ वरच्या ओठात, मधल्याच माशाचा. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड सुरीसारखी असते, म्हणून हात तिथे नेला नाही.

मी तो सोडला. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो. हा अजून लहान. दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवला, शेपूट हलली आणि गेला. काका बघत होते, काही बोलले नाहीत.

निघताना त्यांनी त्यांच्या जुन्या पागाच्या (फेकायच्या जाळ्याच्या) कडेचे शिशाचे चार मणी माझ्या हातात ठेवले. "पुढल्या भांगाला दोन कर. एक माज्या नातवाला."

रिग गोड्या पाण्यात भिजवून पुसली. नवीन दोन सांगाडे गॅलरीतल्या दोरीवर एम-सील सुकायला टांगलेत. नातवाच्या रिगचे डोळे पक्कडीने दोनदा वळवलेत, म्हणजे मुलाच्या बोटाला तारेचं टोक लागायला नको.