तुम्ही विचारलंत म्हणून: वजनाच्या इंजेक्शनांत कमी त्रासाचं कोणतं?

"काकू, घ्यायचंच झालं तर त्यातल्या त्यात कमी त्रासाचं कोणतं?" हा प्रश्न मला दुकानात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, गणपतीची आरती झाल्यावर प्रसाद घेता घेता विचारतात, पुण्याहून नणंदेच्या मैत्रिणीही फोन करून विचारतात. इंदूरला रामबागेजवळ आमचं औषधाचं दुकान आहे आणि मी फार्मसिस्ट आहे. कोणाला कोणतं औषध द्यायचं हे ठरवणं डॉक्टरांचं काम, माझं नाही. पण लिहून दिलेलं इंजेक्शन माझ्या हातून जातं, आणि नंतरची मळमळ, चक्कर, "अन्नावरची वासनाच उडाली हो" हेही आधी माझ्याच काउंटरवर येतं. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

नुसते आकडे पाहिले तर या इंजेक्शनांपैकी टिर्झेपटाइड थोडं सुसह्य दिसतं. पण माझ्यासमोर हैराण होऊन आलेल्यांपैकी बहुतेकांना औषधापेक्षा घाईनं जास्त छळलं. डोस वाढवायची घाई आणि पूर्वीसारखं जेवायची घाई.

आधी नावं सांगते, कारण तिथेच गोंधळ होतो. लिराग्लुटाइड रोज टोचायचं. सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा. ओझेम्पिक आणि वेगोवी ही दोन्ही त्याचीच नावं, पहिलं मधुमेहासाठी आणि दुसरं वजनासाठी. टिर्झेपटाइडही आठवड्यातून एकदाच. आपल्याकडे ते माउंजारो या नावानं मार्च २०२५मध्ये आलं, वेगोवी त्याच वर्षी जूनमध्ये. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६पर्यंतची, त्यामुळे दुसऱ्या कंपन्यांच्या इंजेक्शन-पेनांची चौकशीही वाढली आहे. खोक्यावरचं मोठं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहिलेले असतात ते वाचा. तुलना करायची तर त्यांचीच.

तिन्ही औषधं जेवणानंतर आतड्यात तयार होणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाची नक्कल करतात. टिर्झेपटाइड त्याच्या जोडीला जीआयपी नावाच्या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं. पोट हळू रिकामं होतं आणि मेंदूला "पुरे" असा निरोप लवकर जातो. वजन उतरतं ते यानेच आणि मळमळतं तेही यानेच.

सेमाग्लुटाइडच्या वजनासाठीच्या मोठ्या चाचणीत, जी २०२१मध्ये प्रसिद्ध झाली, १,९६१ माणसं होती आणि ती ६८ आठवडे चालली. औषध घेणाऱ्या शंभरातल्या ४४ जणांना कधी ना कधी मळमळ झाली, साधारण २५ जणांना उलट्या, ३१-३२ जणांना जुलाब, २३ जणांना बद्धकोष्ठ. मात्र ज्यांना औषधाच्या नावाखाली नुसतं पाणी टोचलं होतं त्यांच्यातही १७ जणांना मळमळ झालीच. टिर्झेपटाइडच्या २०२२च्या चाचणीत २,५३९ माणसं होती. तिथे मळमळ डोसाप्रमाणे २५ ते ३३ जणांना, उलट्या ८ ते १२ जणांना. हे दोन कागद शेजारी ठेवून निकाल लावायचा मोह होतो, पण दोन्हीकडची माणसं वेगळी होती, तेव्हा तसा निकाल खरा नव्हे. समोरासमोरची चाचणी २०२५मध्ये आली, ७५१ माणसांची. त्यात टिर्झेपटाइडवर ७२ आठवड्यांत वजन सरासरी २०.२ टक्के उतरलं, सेमाग्लुटाइडवर १३.७ टक्के. पोटाच्या त्रासाला कंटाळून औषध सोडणारे टिर्झेपटाइडवर २.७ टक्के, सेमाग्लुटाइडवर ५.६ टक्के. म्हणजे फरक आहे. पण दोन्हीकडे शंभरातल्या चौऱ्याण्णवांहून जास्त लोकांना पोटापायी औषध सोडावं लागलं नाही, हेही त्याच आकड्यांत आहे.

लिराग्लुटाइड जुनं, म्हणून सौम्य असेल असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. २०२२मध्ये ते सेमाग्लुटाइडसमोर तपासलं गेलं, तेव्हा पोटाचा काही ना काही त्रास दोन्हीकडे शंभरातल्या ८३-८४ जणांना झाला आणि वजन मात्र ६.४ टक्केच उतरलं, सेमाग्लुटाइडवर १५.८ टक्के. पण लिराग्लुटाइडची एक बाजू कुणी सांगत नाही. ते शरीरात साधारण १३ तासांत निम्मं होतं. फारच त्रास झाला तर आज बंद केलं, दोन-तीन दिवसांत ते जवळजवळ निघून जातं. सेमाग्लुटाइडला निम्मं व्हायला आठवडा लागतो, टिर्झेपटाइडला पाच दिवस. एकदा टोचल्यावर परतीचा रस्ता आठवड्यांचा आहे.

घाईचं म्हणत होते ते इथे येतं. आठवड्याचं इंजेक्शन अंगात साठत जातं. पहिल्या आठवड्याचं पूर्ण गेलेलं नसताना दुसरं येतं, आणि पातळी स्थिरावायला चार-पाच आठवडे लागतात. म्हणून सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून चार-चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ आणि शेवटी २.४वर नेतात. टिर्झेपटाइड २.५पासून, मग ५, आणि पुढे गरजेप्रमाणे अडीच-अडीचने कमाल १५पर्यंत. सुरुवातीचा डोस वजन उतरवण्यासाठी नसतोच, पोटाला सवय लावण्यासाठी असतो. हे न सांगितल्यामुळे दुसऱ्या आठवड्यात लोक येतात: "काही फरकच नाही, पुढचं द्या." एक गृहस्थ तर पुण्याच्या मेहुण्याचा डोस कागदावर लिहून घेऊन आले होते. चिठ्ठीवर २.५ होतं, त्यांना ५ हवं होतं. मी दिलं नाही. रागावून गेले, पण डॉक्टरांशी बोलून परत आले आणि आता व्यवस्थित आहेत. एखाद्या पायरीवर मळमळ थांबत नसेल तर डॉक्टर तिथेच महिना-दोन महिने जास्त थांबवतात, प्रसंगी एक पायरी खालीही आणतात. त्यात कमीपणा काही नाही. खालच्या डोसावर वजन उतरत असेल तर वर जायची सक्ती कुठे आहे?

दुसरी घाई ताटातली. आपल्या गावात रात्री सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की सराफा खाण्याचा होतो आणि पाहुणा आला की त्याला तिथे न्यावंच लागतं. थंडीत एक वहिनी आल्या होत्या. रविवारी सकाळी पहिलं इंजेक्शन घेतलं, सोमवार बरा गेला, मंगळवारी माहेरची माणसं आली म्हणून रात्री सराफ्यात. भुट्ट्याच्या किसाच्या चार चमच्यांतच पोट भरलं होतं, तरी सगळ्यांसोबत म्हणून गराडू, म्हणजे तळलेला कंद, त्यावर जीरावण मसाला, मग रबडी. बुधवारी दुपारी त्या काउंटरला टेकून उभ्या होत्या, चेहरा उतरलेला, रात्रीचा गराडू अजून पोटात आहे असं सांगत. ढेकरांना सडक्या अंड्यासारखा वास येत होता आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटत होती. या ढेकरांबद्दल बायका डॉक्टरांना सांगत नाहीत, मला हळू आवाजात सांगतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही; अन्न जास्त वेळ थांबलं की असं होतं.

टोचल्यानंतर पहिले एक ते तीन दिवस औषधाची पातळी सगळ्यात वर असते. म्हणून वार विचार करून ठरवा. शनिवार-रविवारी बाहेर जेवण होणार असेल तर बुधवारी-गुरुवारी टोचू नका, सोमवार बरा. त्या दिवसांत तळलेलं आणि तुपात निथळणारं टाळा, मुगाची पातळ खिचडी, ताक, दहीभात चालतं. आणि पोट भरलं की ताटात घास राहिला तरी उठा. अन्न टाकू नये हे आपल्यावर लहानपणापासून बिंबलेलं आहे, म्हणून आधीच कमी वाढून घ्या. मळमळीचं सगळे बोलतात, बद्धकोष्ठाचं कुणी बोलत नाही. पण मळमळ बहुधा ओसरते आणि हे रेंगाळतं. खाणं कमी झालं की पाणीही नकळत कमी होतं. मे महिन्यात इथे पारा ४०च्या वर असतो, तेव्हा तहान लागो न लागो, पाणी पीत राहायचं.

केसांचंही विचारतात. वेगोवीच्या चाचण्यांत केस गळण्याची तक्रार शंभरात ३ जणांची होती, औषधाविना १ची. टिर्झेपटाइडवरही केस गळतात, आणि पुरुषांपेक्षा बायकांचे खूप जास्त. वजन झपाट्याने उतरलं की कुठल्याही कारणाने केस असे गळतात आणि बहुतेकांचे काही महिन्यांत परत येतात. मला जास्त काळजी स्नायूंची वाटते. चरबीबरोबर तेही झिजतात, आणि साठीच्या पुढच्या बाईला जिना चढताना ते जाणवतं. दोन पोळ्यांची एक पोळी झाली आणि वरण तेच पातळ राहिलं तर प्रथिनं येणार कुठून? आधी डाळ, पनीर, अंडं, दही, सोयाबीन, मग जागा उरली तर भात-पोळी. आणि थोडं वजन उचलण्याचा व्यायाम, घरी पाण्याच्या बाटल्या घेऊन केला तरी चालेल.

आता जे "होतंच असं" म्हणून सोडायचं नाही ते. पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ येऊन पाठीत जात असेल, थांबतच नसेल, तर तो स्वादुपिंडाचा दाह असू शकतो. पुढचं इंजेक्शन न घेता सरळ रुग्णालयात जा. उजव्या बरगडीखाली दुखतंय, ताप आहे, डोळे पिवळे झालेत, तर पित्ताशय. सेमाग्लुटाइडच्या त्या मोठ्या चाचणीत पित्ताशयाच्या तक्रारी २.६ टक्के लोकांना होत्या, औषधाविना १.२ टक्के. उलट्या-जुलाबांनी लघवी कमी झाली तर मूत्रपिंडावर ताण येतो, वाट पाहू नका. एका डोळ्याने अचानक कमी दिसू लागलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. सेमाग्लुटाइडवर डोळ्याच्या नसेला इजा होण्याचा हा प्रकार अत्यंत विरळ, फार तर दहा हजारांत एक, असं युरोपच्या औषध संस्थेने जून २०२५मध्ये म्हटलं. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते, तेव्हा त्यांचा डोस आधीच कमी करावा लागतो का ते विचारा. मधुमेहाने पडद्यावर आधीच परिणाम झाला असेल तर सुरू करण्याआधी डोळे तपासून घ्या.

"माझी थायरॉइडची गोळी चालू आहे, मग मला चालणार नाही ना?" हे तर रोजचंच. मनाई आहे ती मेड्युलरी नावाच्या थायरॉइडच्या विरळ कर्करोगासाठी, तो स्वतःला किंवा घरात कुणाला झाला असेल तर, आणि एमईएन-२ या आनुवंशिक आजारासाठी. उंदरांत अशा गाठी दिसल्या होत्या म्हणून ही खबरदारी. थायरॉक्सिनची गोळी घेणाऱ्या साध्या थायरॉइडच्या रुग्णांना ती मनाई लागू नाही. वजन उतरल्यावर गोळीचा डोस मात्र पुन्हा तपासून घ्यावा.

तरुण मुलींसाठी एक खरा फरक आहे आणि तो आई समोर असताना विचारला जात नाही. टिर्झेपटाइड गर्भनिरोधक गोळीचा असर कमी करू शकतं, म्हणून सुरू केल्यावर चार आठवडे आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरं साधन हवं. सेमाग्लुटाइडला ही अट नाही. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी आणि टिर्झेपटाइड महिनाभर आधी बंद करायचं. कुठलंही ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू असल्याचं सांगा, कारण उपाशी असूनही पोटात अन्न असू शकतं.

लग्नाआधी पाच किलो उतरवायला म्हणून जे विचारायला येतात त्यांना मी स्पष्ट नाही म्हणते, आणि चिठ्ठीशिवाय तर कुणालाच देत नाही. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलेलं त्याच मोठ्या चाचणीच्या पुढच्या भागात दिसलं आहे. हे लठ्ठपणाच्या आजाराचं औषध आहे. ज्यांचे गुडघे, साखर, रक्तदाब वजनापायी बिघडले त्यांच्यासाठी ते फार मोलाचं आहे, आणि त्यांनी घाबरून ते नाकारलं तर मला तितकंच वाईट वाटतं.

शेवटी डोस चुकण्याबद्दल, कारण सगळ्यात वाईट उलट्या मी तिथे पाहिल्या आहेत. टिर्झेपटाइड चार दिवसांच्या आत आठवलं तर घ्या, नाहीतर तो आठवडा सोडून पुढच्या ठरल्या वारी घ्या. वेगोवी पुढचा वार दोन दिवसांहून लांब असेल तरच. एकाच्या जागी एकदम दोन कधीच नाही. आणि दोन-तीन आठवड्यांचा खंड पडला असेल तर जुना वरचा डोस परस्पर टोचू नका. आमच्या ओळखीच्या एक काकू लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला गेल्या, दीड महिना इंजेक्शन राहिलं, परत आल्यावर १.७चं पेन मागायला आल्या. मी त्यांना आधी डॉक्टरांना फोन करायला लावला. डॉक्टरांनी पुन्हा ०.२५पासून सुरू करायला सांगितलं, चार महिन्यांची मेहनत वाया गेली म्हणून त्यांना वाईट वाटलं, पण एकही उलटी झाली नाही.