पासिंगच्या दिवशीची गाडी

मुंबईत सेकंडहँड गाडी बघायला गेलात की विकणारा दोन गोष्टी हमखास सांगतो, एक म्हणजे 'सिंगल हँड आहे' आणि दुसरी 'पेपर सगळे क्लिअर, पासिंग चालू आहे'. हे दुसरं ऐकलं की घेणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. आता खरं बघायला गेलं तर खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन, म्हणजे हेच पासिंग, शोरूममधून निघतानाच 15 वर्षांचं मिळतं, मधे आरटीओ तुम्हाला गाडी दाखवायला बोलवत नाही, त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या गाडीचं पासिंग चालू असण्यात विकणाऱ्याचं कर्तृत्व शून्य. तरी आपण मान डोलावतो, आणि मग किंमतीवर येतो.

मधल्या काळात तपासणी म्हणून जी काय होते ती पीयूसी. आमची वॅगनआर 2009 ची, पार्ल्याच्या एका काकांकडून घेतलेली, एमएच 02. मुंबईत नव्या गाड्यांच्या धुरासाठी बीएस-4 चा नियम आला एप्रिल 2010 मधे, आणि आमची गाडी त्याच्या काही महिने आधीची असल्यामुळे बीएस-3, म्हणून हिला दर सहा महिन्यांनी पीयूसी आणि शेजारच्या जोशांच्या गाडीला वर्षातून एकदा. जोशी हे दर वेळी लिफ्टमधे आठवण करून देतात. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात ती व्हॅन उभी असते, पोरगा उकिडवा बसून सायलेन्सरमधे नळी खुपसतो, नंबरप्लेटचा फोटो काढतो, 'भाईसाब थोडा रेस दो' म्हणतो, मशीन जरा वेळ विचार करतं आणि कागद बाहेर येतो. आमची गाडी यात आजवर कधी अडकलेली नाही. कार्बन मोनॉक्साईड अर्ध्या टक्क्याच्या आत आणि हायड्रोकार्बन 750 पीपीएमच्या आत असलं की झालं, आणि पेट्रोल गाडी जरा बरी ठेवली असेल, प्लग-फिल्टर वेळेवर बदलले असतील, इंजिन गरम करून नेली असेल तर ती ह्यात सहसा पास होतेच. पण त्या नळीला फक्त धूर कळतो हो. ब्रेक लागतात का, स्टिअरिंगला प्ले, म्हणजे ढिलाई, किती, टायर कुठल्या जमान्यातले, ह्यातलं काहीच ती विचारत नाही. ब्रेक नसलेली गाडी ढकलत पंपावर नेलीत तरी पीयूसी मिळेल.

खरी परीक्षा 15 वर्षांनी, आमची 2024 मधे आली. फॉर्म 25 भरा, पर्यावरण कर भरा, फी भरा, जी एप्रिल 2022 पर्यंत 600 रुपये होती आणि मग एकदम 5,000 झाली, आणि गाडी आरटीओत नेऊन दाखवा, की पुढची पाच वर्षं निश्चिंत. आमचे मेकॅनिक, ज्यांना सगळी जोगेश्वरी चाचा म्हणते, त्यांनी गाडी आठवडाभर आधीच ठेवून घेतली. मी विचारलं काय काय करणार, तर म्हणाले, 'साहब, जो दिखता है वो सब करेगा.' आणि खरंच तेवढंच केलं, पण इतकं मन लावून की बघत राहावं. पिवळ्या पडलेल्या हेडलाईटच्या काचा पॉलिश झाल्या, नंबरप्लेटवरचा जो छोटा बल्ब जळलाय हे आमच्या घरात कोणाला माहीतही नव्हतं तो बदलला, वायपरचे रबर नवे, हॉर्नचा घसा बसला होता तो साफ, मागचा रिफ्लेक्टर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुन्या मालातला आणून बसवला, आणि बॉनेटखाली जिथे चासी नंबर ठोकलेला असतो तिथली काजळी ब्रशने घासून काढली कारण त्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवली की नंबर स्वच्छ उमटायला हवा. ह्या शेवटच्या कामाला चाचांनी सगळ्यात जास्त वेळ घेतला. नंबर उमटला नाही तर बाकीची गाडी कितीही चांगली असो, तिचं अस्तित्वच सिद्ध होत नाही.

गाडी पास झाली. साहेबांनी लाईट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर बघितले, नंबर ताडून घेतले, संपलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणतच नाही, डोळ्यांना दिसेल तेवढं बघणार, मागे रांग लागलेली असते. आता ठिकठिकाणी ऑटोमेटेड टेस्टिंग स्टेशनं येतायत, तिथे गाडी रोलरवर चढवून मशीन ब्रेक मोजतं, ते चांगलंच आहे. पण मला जे खटकतं ते वेगळंच आहे. गाडी पास होते म्हणजे 'त्या दिवशी' पास होते. आदल्या दिवशी आणि नंतरच्या पाच वर्षांत तिचं काय, ह्याबद्दल तो कागद चकार शब्द काढत नाही.

आणि मुंबईची फॅमिली कार तर अशी जात आहे की ती पास होण्यातच पटाईत. चालते कुठे? आठवडाभर बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी, शनिवारी डीमार्ट, अधेमधे दादरला लग्न, गणपतीत कोकण, म्हणजे किलोमीटर कमी, इंजिन तरुण, टायरची नक्षी भरपूर. कायद्याने नक्षीची खोली 1.6 मिलिमीटर लागते, आमच्या जुन्या टायरांना त्याच्या तिप्पट तरी असेल. पण टायरच्या बाजूवर जे चार आकडे एका छोट्या चौकटीत असतात ते कधी वाचलेत का, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, म्हणजे 2314 असेल तर 2014 सालातला तेविसावा आठवडा. असं रबर उन्हात उभं राहून राहून कडक होतं, बारीक भेगा पडतात, आणि ओल्या हायवेवर ब्रेक मारल्यावर ते रस्ता धरत नाही, तेव्हा नक्षी किती का असेना. उभ्या गाडीला इथली खारी हवा खाते, दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला जी भोकं असतात ती धुळीने बुजतात आणि पत्रा आतून कुजत जातो, बाहेरून रंग चकाचक. शिवाय उंदीर. उंदरांना वायरिंग का आवडतं देव जाणे.

पावसाळ्याचं तर विचारूच नका. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात एकदा बुडून आलेली गाडी महिनाभरात ड्रायक्लीन होऊन, सुगंधी डबी लावून विकायला उभी राहते आणि पासिंग तिचंही चालूच असतं. चाचांनी शिकवलेलं एक सांगतो, कुठलाही सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढायचा, अगदी पूर्ण. धुणारे बाहेर दिसणारा पट्टा धुतात, आतल्या गुंडाळीतल्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ तशीच राहते. मग सीटखाली हात घालून सीट सरकायच्या पट्ट्या चाचपायच्या, गंज लागला की बोटांना कळतं. ह्या दोन गोष्टी करताना विकणाऱ्याकडे बघायचं, अर्धी माहिती तिथेच मिळते.

माझी मामेबहीण इंग्लंडमधे लेस्टरला असते, तिने मागे सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा तिचा फोनवर गाडीशोध मी लांबून उपभोगला. तिथे खासगी गाडीचीही तीन वर्षांची झाली की दर वर्षी तपासणी असते, एमओटी म्हणतात, 1960 पासून चालू आहे, सुरुवातीला फक्त दहा वर्षांवरच्या गाड्यांना होती. ब्रेक, टायर, सस्पेन्शन, स्टिअरिंग, लाईट, पत्र्याचा गंज, धूर, सगळं. आणि चारातली एक तरी गाडी पहिल्या फेरीत नापास होते, बऱ्याचदा कारण एवढंच की कुठला तरी दिवा लागत नाही. पण मजा पुढे आहे, कुठल्याही गाडीचा नंबर सरकारी साईटवर टाकला की तिचा 2005 पासूनचा सगळा इतिहास फुकटात समोर येतो, कधी पास कधी नापास, तेव्हा किती मैल झाले होते, आणि पास झाली तरी तपासणाऱ्याने काय लिहून ठेवलंय. म्हणजे नुसतं 'उत्तीर्ण' नाही, प्रगतीपुस्तकात बाई लिहायच्या तसा खाली शेरा. पुढच्या डाव्या टायरची झीज मर्यादेजवळ आलीये, ब्रेकच्या पाईपला गंज धरायला लागलाय, असं.

ताईने दोन गाड्या निवडल्या होत्या. एक दर वर्षी पहिल्याच फेरीत पास, दुसरी दोनदा नापास. मी म्हटलं, 'ताई, विचार कसला करतेस, पहिलीच घे.' ती म्हणाली, 'अरे शेरे वाच की.' पहिलीच्या शेऱ्यात मागच्या ब्रेक पाईपचा गंज तीन वर्षं ओळीने लिहिलेला, कोणी हात लावला नव्हता, कारण पास होत होती ना. दुसरी एकदा दिव्यावरून आणि एकदा टायरवरून नापास झालेली, दोन्ही वेळा त्याच आठवड्यात दुरुस्त होऊन परत आलेली, आणि जुना एकही शेरा पुढच्या वर्षी परत दिसत नव्हता. तिने नापास झालेली घेतली. मला हे फार पटलं. गाडीपेक्षा गाडीच्या मालकाची माहिती त्या शेऱ्यांत जास्त होती.

आपल्याकडे दर वर्षी तपासली जाणारी गाडी बघायची तर काळी-पिवळी बघा, धंद्याच्या गाडीला आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस घ्यावं लागतं. आमच्या कोपऱ्यावरच्या स्टँडवरचे एक जुने टॅक्सीवाले मामा पासिंगच्या आधी घरात लग्न असल्यासारखे गाडीमागे लागायचे, रंग, सीटकव्हर, मीटर. त्यांची पद्मिनी इतकी वर्षं पास होत आली, आणि शेवटी गेली ती वयामुळे. मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा, शेवटची प्रीमियर पद्मिनी ताडदेवला 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदलेली, ती 30 ऑक्टोबर 2023 पासून बंद. आमच्या कव्हरखालच्या गाडीला अशी मर्यादा नाही, ती दर पाच वर्षांनी चार दिवे दाखवून पुढे सरकू शकते, आणि रोज शंभर किलोमीटर धावणारी, दर वर्षी तपासलेली, हाताखालून गेलेली गाडी निवृत्त. काय म्हणायचं आता ह्याला.

तर लेस्टरवरून स्फूर्ती घेऊन बायकोने डॅशबोर्डच्या कप्प्यात एक दोनशे पानी वही ठेवलीये आणि गाडीला स्वतःच शेरे द्यायला सुरुवात केलीये, दिवाळीनंतर एकदा, चाचांना शेजारी उभं करून. चाचांना आधी हा अपमान वाटला, आता तेच 'मॅडम, ये भी लिखो' म्हणतात. टायर चारही बदलून झाले, तो शेरा खोडला. क्लच हायवेच्या ट्रॅफिकने दमलाय पण चालेल. सध्या वाद आहे तो मागच्या डाव्या दाराचा, खालचा पत्रा बोटाने दाबला की कुरकुरतो. चाचांचं म्हणणं अजून दोन पावसाळे सहज काढेल, बायकोचं म्हणणं एकही नाही, आणि हा शेरा दुसऱ्यांदा लिहायची तिची तयारी नाही. पत्रा कापून नवा लावायचे चाचा चार हजार सांगतायत, तीनात करतील, मे संपायच्या आत गाडी त्यांच्याकडे सोडायचीये.