पत्रा जाड हाय काय?

कोल्हापुरात कावळा नाक्याजवळच्या शोरूममध्ये आज एक काका नव्या गाडीच्या दारावर बोटांनी टकटक करत होते. मग कान देऊन ऐकायचे. “पत्रा पातळ हाय रं पोरा,” म्हणाले आणि पुढच्या गाडीकडं गेले.

पूर्वी पहिला प्रश्न एकच, “ॲव्हरेज किती देतीया?” २०१८ मध्ये टाटाच्या नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे, म्हणजे गाड्या आदळून सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेचे, पाच स्टार मिळाले, २०२४ मध्ये मारुतीच्या डिझायरलाही. २०२३ पासून आपली स्वतःची तशीच चाचणी, भारत एनकॅप, आहे. गिऱ्हाईक सुरक्षेबद्दल विचारायला लागलं की कंपन्यांना सुधारावंच लागतं. याचं मला मनापासून बरं वाटतं.

पण काका, जीव वाचवतो तो आतला सांगाडा, एअरबॅग आणि बेल्ट. वरचा पत्रा नव्हे.

आणि आंबा घाट उतरताना मागच्या सीटवर बेल्ट लावतंय कोण? तुमच्या घरात लावतात?