चेहरा झाका आणि मग फोटो बघा

२०२३ च्या वर्ल्ड कपच्या दिवसांत सचिनची मुलगी सारा तेंडुलकर आणि क्रिकेटपटू शुभमन गिल यांचा एक फोटो धो धो फिरला. मूळ फोटोत साराबरोबर होता तिचा भाऊ अर्जुन. त्याच्या वाढदिवसाला तिनेच तो इन्स्टाग्रामवर टाकला होता. कुणीतरी अर्जुनच्या धडावर गिलचं डोकं बसवलं आणि फॅन पेजेसनी हार्ट टाकून पुढे ढकलला. नोव्हेंबरमध्ये साराला स्टोरी टाकून सांगावं लागलं की असे फोटो बनावट आहेत आणि एक्सवर तिच्या नावाने चालणारं खातंही तिचं नाही.

फसवणूक पकडायला इथे दोन मिनिटं पुरली असती, पण आपण सगळे बघतो चेहरा, आणि बदललेला असतो तोच. त्यामुळे पहिली पायरी अशी की फोटो सेव्ह करा, क्रॉप करून तोंडं काढून टाका आणि उरलेला भाग, म्हणजे कपडे, हात, खुर्ची, मागची भिंत, गुगल लेन्सला (फोटोवरून तसेच फोटो शोधणारं साधन) द्या. ओळखीचा चेहरा ठेवलात तर लेन्स त्या सेलिब्रिटीचे शेकडो फोटो पुढ्यात ओतते आणि मूळ फोटो त्यात बुडतो. चेहरा नसला की तिला कपडे आणि भिंतच शोधावी लागते. काही सापडलं नाही तर फोटो आडवा उलटा करून, म्हणजे डावं-उजवं बदलून, पुन्हा शोधा. शोध चुकवायला ही युक्ती सर्रास वापरतात. टिनआय या फोटो शोधणाऱ्या साइटवर ‘सर्वांत जुना’ असा क्रम लावता येतो, तो बातम्यांतल्या फोटोंसाठी उत्तम. इन्स्टाग्रामवरचं मात्र त्याला फारसं सापडत नाही.

मग झूम करा, पण डोळ्यांवर नको. जबडा आणि मान जिथे मिळतात तिथे बघा. मानेवर कॅमेऱ्याचे बारीक दाणे दिसतात आणि गाल मात्र लोण्यासारखा गुळगुळीत, असं असेल तर चेहरा बहुधा बाहेरून आलाय. कानामागचे केस आणि नाकाची सावली कुठल्या बाजूला पडते तेही तपासा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोवर हे करण्यात अर्थ नाही. तिथे फोटो दाबला जातो, दाणे पुसले जातात आणि कधी काढला, कुठल्या कॅमेऱ्याने काढला ही आतली माहितीही गळते. सापडेल ती सर्वांत मोठी प्रत घ्या.

एडिट न केलेला पण जुना फोटो ‘आत्ताचा’ म्हणून खपवणं हा त्याहून सोपा धंदा. क्रिकेटमध्ये तो पकडायला जर्सीसारखा साक्षीदार नाही. भारतीय संघाच्या खांद्यावर आदिदासचे तीन पट्टे आले जून २०२३ पासून. छातीवर ड्रीम११ या प्रायोजकाचं नाव दिसलं तर जुलै २०२३ ते ऑगस्ट २०२५ यांमधला काळ, आणि अपोलो टायर्स दिसलं तर सप्टेंबर २०२५ नंतरचा. वर्ल्ड कपसारख्या आयसीसीच्या स्पर्धेत छातीवर प्रायोजक नसतो, देशाचं नाव असतं. म्हणजे ‘वर्ल्ड कप फायनलनंतर ड्रेसिंग रूममध्ये भांडण’ अशा फोटोत छातीवर ड्रीम११ झळकत असेल तर तो त्या फायनलचा नाहीच. मैदानंही बोलतात. वानखेडेवर रोहित शर्मा स्टँडचं नाव लागलं मे २०२५ मध्ये, सचिनचा पुतळा उभा राहिला नोव्हेंबर २०२३ मध्ये. अहमदाबादच्या मोदी स्टेडियमवर दिव्यांचे मनोरे नाहीत, छताच्या कडेने दिव्यांचं कडं आहे. ‘वानखेडेवर लाखाची गर्दी’ असं कुणी लिहिलं तर आधी आठवा की तिथे जेमतेम तेहेतीस हजार माणसं मावतात.

एआयने बनवलेल्या फोटोत आपल्याला एक जास्तीची सोय आहे, ती म्हणजे देवनागरी. प्रेक्षकांच्या हातातला बॅनर वाचा. रफार भलत्याच अक्षरावर, जोडाक्षरं फाटलेली, वेलांटी हवेत, असं दिसलं की समजून जा. नवी मॉडेल्स यात सुधारली आहेत, त्यामुळे अक्षरं बरोबर असली म्हणजे फोटो खरा असं नव्हे. गुगलच्या साधनांनी बनवलेल्या चित्रांत सिंथआयडी नावाची अदृश्य खूण असते आणि फोटो जेमिनी अ‍ॅपमध्ये टाकून ती विचारता येते. दुसऱ्या कंपनीच्या साधनाने बनवलेलं चित्र यातून सुटतं.

व्हिडिओत उलट असतं, चेहरा खराच आणि आवाज खोटा. जानेवारी २०२४ मध्ये सचिनचा गेमिंग अ‍ॅपची जाहिरात करणारा व्हिडिओ फिरला आणि तो बनावट असल्याचं त्याने स्वतःच सांगितलं. असा व्हिडिओ आधी आवाज बंद करून ओठ आणि दात बघत पाहा. प, ब, म उच्चारताना ओठ मिटायलाच हवेत. मग दोन-तीन ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट काढा आणि लेन्सला द्या, मूळ मुलाखत बहुतेक वेळा सापडते.

हे करतं कोण? सगळेच भाबडे चाहते नसतात. जुलै २०२३ पासून एक्स पोस्ट करणाऱ्यांना पैसे वाटू लागलं, आणि ऑगस्टपासून पात्रतेची अट होती ५०० फॉलोअर्स आणि तीन महिन्यांत ५० लाख इम्प्रेशन्स, म्हणजे पोस्ट तितक्या वेळा लोकांना दिसायला हवी. रोहित विरुद्ध हार्दिक, विराट विरुद्ध रोहित अशी आग लावणाऱ्याला राग हाच कच्चा माल. निळी टिकही एप्रिल २०२३ पासून बहुतेकांना विकतच मिळते, तिचा पुरावा म्हणून उपयोग शून्य. त्याऐवजी खात्याच्या प्रोफाइलवरचं ‘अबाउट धिस अकाउंट’ उघडा. खातं कधी सुरू झालं, कुठल्या देशातून चालतं, नाव किती वेळा बदललं ते दिसतं. काल मीम पेज, आज ‘खेळाडूच्या जवळचे सूत्र’ असं असेल तर पुढे वाचायची गरज नाही.

खोटा फोटो सापडल्यावर संतापून कोट-पोस्ट करू नका, म्हणजे ती पोस्ट जोडून वर आपलं मत लिहू नका, त्यानेही इम्प्रेशन्सच वाढतात. स्क्रीनशॉट घ्या, त्यावर जाड लाल रेघ मारा, बाजूला मूळ फोटो लावा आणि तो टाका. रेघ मारायची ती चेहऱ्यावरूनच, कडेला मारलेली पुढचा माणूस क्रॉप करतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असेल तर अ‍ॅडमिनला सांगा, त्याला तो सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. ‘अनेकदा फॉरवर्ड झालंय’ सांगणारी दुहेरी बाणाची खूण नाही म्हणून फोटो ताजा समजू नका, कुणी स्क्रीनशॉट काढून पाठवला की ती खूण उरत नाही.