डोक्यात भिजत पडलेली घोंगडी

फोन दुसऱ्या खोलीत ठेवला, नोटिफिकेशन बंद केली, दार लावून घेतलं आणि तरी दहा मिनिटांत मन भलतीकडेच, असं होत असेल तर तो आळशीपणा नाहीये, विलपॉवर कमी आहे असंही नाही. डोक्यात आधीच कोणीतरी ठाण मांडून बसलेलं असतं. फोकसबद्दल जे सल्ले फिरतात ते जवळपास सगळे बाहेरच्या गोष्टींचे, अ‍ॅप ब्लॉक करा, टायमर लावा वगैरे, आणि ते चांगलेच आहेत, पण आत जे चाललेलं असतं त्याचं काय करायचं यावर फार कमी बोललं जातं, म्हणून हे लिहितेय.

माझं मत असं झालंय की काम उरलंय म्हणून ते डोक्यात घोळत नाही, त्याचं काय करायचं ते ठरलेलं नसतं म्हणून घोळतं. दोनशे पानांचा रिपोर्ट करायचाय, पण सोमवारी सकाळी सुरू करायचा आणि पहिल्यांदा आकडे गोळा करायचे हे पक्कं असेल तर तो रिपोर्ट गुपचूप पडून राहतो. उलट कोणाच्या तरी मेसेजला हो म्हणायचं का नाही म्हणायचं एवढंच लटकलेलं असेल ना, तर दोन ओळींचं ते उत्तर अख्खी दुपार खातं. लिहायला बसलो की ते, जेवताना ते, झोपताना परत तेच!

ब्ल्यूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंचं नाव या विषयात हमखास येतं. बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या हाताखाली काम करताना त्यांनी लोकांना छोटी छोटी कामं दिली, काही मध्येच थांबवली, आणि 1927 मध्ये छापलं की अर्धवट राहिलेली कामं लोकांना जास्त आठवतात. पुढे इतरांनी तसेच प्रयोग केले तेव्हा आठवणीचा भाग काही दर वेळी तसाच आला नाही, पण लेविन यांच्याकडेच काम करणाऱ्या मारिया ओव्सियान्किना यांना दिसलेली गोष्ट, म्हणजे अर्धवट कामाकडे परत जायची ओढ, ती मात्र बरीच टिकून राहिली. ही ओढच आपल्याला मधे मधे खेचत असते.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो 2011 चा मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास. पूर्ण न झालेलं काम मनात असलेल्या लोकांचं दुसऱ्या कामातलं लक्ष उडत होतं, आणि ज्यांना त्या अपुऱ्या कामाचा नीट प्लॅन करायला सांगितला त्यांचा हा त्रास गेला. काम झालं नव्हतं हां, फक्त कधी आणि कसं ते ठरलं होतं.

पण नुसतं लिहून काढलं की झालं असं नाही, लिहिताना काय लिहितोय याला महत्त्व आहे. यादीत "इन्शुरन्स" असा एकच शब्द टाकला तर तो शब्द बघून परत पहिल्यापासून विचार सुरू होतो. "गुरुवारी सकाळी फोन करून फॉर्मची शेवटची तारीख विचारायची" असं लिहिलं की मन त्याला सोडतं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या बेलर युनिव्हर्सिटीत 57 जणांवर एक प्रयोग झाला, अर्ध्यांनी झोपायच्या आधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिली आणि अर्ध्यांनी झालेल्या कामांची. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोप लागली, आणि त्यातही यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. मी रात्री हेच करते, कागदावर, कारण फोन हातात घेतला की काहीतरी नवीनच डोक्यात शिरतं.

आता भांडणं. माझ्या मते डोक्यातली सगळ्यात जास्त जागा हीच खातात. कोणाशी वाजलं की मनातल्या मनात उत्तरं तयार करत बसतो, तो असं म्हणाला तर मी तसं म्हणेन, आणि त्यातून हाती काहीच लागत नाही. "विचारच करू नकोस" हा सल्ला इथे चालत नाही. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये एका प्रयोगात लोकांना सांगितलं होतं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटा वाजवायची, आणि घंटा वाजतच राहिली, वर नंतर विचार करायची मोकळीक दिल्यावर तर अस्वल आणखीनच आलं. म्हणून दाबायचं नाही, ठरवायचं. उत्तर देणार आहे का? असेल तर कधी? नसेल तर तेही स्पष्ट लिहायचं, "यावर मी काही बोलणार नाही". न बोलणं हाही निर्णयच आहे, फक्त तो घेतलेला असला पाहिजे, राहून गेलेला नको.

अजून एक छोटी गोष्ट, एका कामातून दुसऱ्यात उडी मारायच्या आधीची. सोफी लरॉय या संशोधक बाईंनी 2009 मध्ये दाखवलं की पहिलं काम अर्धवट सोडलं की लक्षाचा थोडा भाग तिथेच अडकून राहतो. मीटिंगला जायच्या आधी कुठपर्यंत आलोय आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं एवढं एका ओळीत लिहून ठेवलं की खूप फरक पडतो.

पण काही गोष्टींत ठरवण्यासारखं काही नसतंच. जवळचं माणूस आजारी आहे, रिपोर्ट यायचेत, आपल्या हातात फक्त वाट बघणं. तिथे याद्या काही कामाच्या नाहीत, आणि अशा वेळी फोकस होत नाही म्हणून स्वतःला बोल लावणं मला अन्यायाचं वाटतं. त्या दिवसांत मी नवीन विचार लागणारं काम घेतच नाही. फाइली लावणं, जुने आकडे तपासणं, टायपिंग, अशी हात चालू राहतील ती कामं मी अशा दिवसांसाठी वेगळी काढून ठेवते. आणि सोबत काम करणाऱ्यांपैकी एकाला तरी सांगून टाकते की घरी सध्या असं असं चाललंय, म्हणजे माझं उत्तर उशिरा का येतंय ते त्यांना कळतं आणि सगळं ठीक असल्यासारखं वागायचा ताण तरी राहत नाही.