तुम्ही विचारलंत म्हणून: टॅरिफमुळं म्हातारपणचा पैसा बुडेल का?

पोस्टाच्या आरडीचे हप्ते गोळा करत मी सोलापूरच्या पूर्वभागात फिरते. गल्लीत पाऊल ठेवलं की हल्ली कुणी ना कुणी विचारतंच, "अक्का, अमेरिकेनं टॅरिफ लावलंय म्हणतात. आमच्या म्हातारपणच्या पैशाचं काय?" कधी यंत्रमागावरचा कामगार विचारतो, कधी विड्या वळणारी मावशी. एका शाळेतल्या सरांनीसुद्धा विचारलं. दारात उभ्या-उभ्या याचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून एकदा नीट लिहिते. टॅरिफ म्हणजे बाहेरच्या देशातून येणाऱ्या मालावर लावलेला कर.

ज्याची सगळ्यांना धास्ती आहे ते आधी सांगते. पोस्टातला पैसा टॅरिफनं बुडत नाही, त्याला केंद्र सरकारची हमी आहे. आरडीला ६.७ टक्के, ज्येष्ठांच्या योजनेला ८.२ टक्के, २०२५ मध्ये जगात एवढी उलथापालथ झाली तरी हे दर जागचे हलले नाहीत. पीएफचंही जवळपास तसंच. त्यात नव्यानं जमा होणाऱ्या रकमेतले जास्तीत जास्त १५ टक्के शेअर बाजारात जातात, बाकीचे बहुतेक रोख्यांत. २०२४-२५ चं व्याज ८.२५ टक्के ठरलं. टीव्हीवर सेन्सेक्स लाल दिसला म्हणून तुमच्या पासबुकातला आकडा कमी होत नाही.

धोका येतो तो कामाच्या बाजूनं, आणि टॉवेलच्या या गावाला तो जरा जास्तच आहे.

टॅरिफ भरतो अमेरिकेतला आयातदार, तिकडच्या बंदरात माल सोडवून घेताना. टेरी टॉवेलवर तिथं आधीपासूनच ९ टक्क्यांच्या आसपास शुल्क होतं. ७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर आणखी २५ टक्के आले, आणि आपण रशियाचं तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून अजून २५. त्याच वेळी पाकिस्तानवरचा नवा कर १९ टक्के होता आणि तुर्कस्तानवरचा १५. टॉवेल ते दोघंही विकतात आणि चांगला विकतात. मग तिकडचं गिऱ्हाईक आपल्या कारखानदाराला म्हणतं, भाव पाडा, नाहीतर ऑर्डर थांबवा. भाव पाडला तर नफा जातो आणि ऑर्डर थांबली तर माग थांबतो. आकडे पुढं बदलत राहिले, पण माग थांबला त्या आठवड्याची मजुरी कुणाला परत मिळत नाही.

एका घराचं सांगते. नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर. बायको घरी मशिनवर त्याच कारखान्याच्या टॉवेलच्या कडा शिवते. त्या कारखान्याचा बराच माल अमेरिकेला जायचा. रात्रपाळी बंद झाली आणि नवऱ्याची कमाई अर्ध्यावर आली. थोड्याच दिवसांत बायकोकडं येणारे गठ्ठेही थांबले. मी हप्त्याला गेले तेव्हा मशिनवर चादर टाकलेली होती आणि पासबुक तिनं आधीच काढून ठेवलेलं. "अक्का, मोडून टाकते आता." महिना हजाराची आरडी. साडेतीन वर्षांत एक हप्ता चुकलेला नाही. तिच्या पासबुकात दंडाची एकही नोंद नाही.

टॅरिफ म्हातारपणच्या पैशापर्यंत पोचतं ते या वाटेनं. बाजार पडला म्हणून नव्हे, घरातल्या दोन्ही कमाया एकाच टॉवेलवर होत्या म्हणून. त्याच गल्लीतल्या दुसऱ्या घरात मुलगा टॉवेलच्याच मागावर आहे, पण सासू विड्या वळते. विडीचं गिऱ्हाईक इथलंच. त्या घरातला हप्ता थांबला नाही, आणि सासूचा पीएफही चालू राहिला. पैसे कुठं गुंतवावेत याचे सल्ले देणारे खूप आहेत, पण घरातली कमाई किती ठिकाणांहून येते हे कुणी विचारत नाही. मला ते सगळ्यात आधी विचारावंसं वाटतं.

आपल्या गावानं हे पाहिलेलं आहे. मिल बंद पडल्या तेव्हा आमच्या सासऱ्यांच्या पिढीतल्या घरांत आधी दागिने गेले, मग विम्याच्या पॉलिसी सरेंडर झाल्या, आणि साठीला पोचेपर्यंत हातात काही उरलं नाही. पुन्हा तसं होऊ नये म्हणून मी एवढी तळमळून सांगतेय.

तर आरडी मोडण्याआधी एवढं बघा. तीन वर्षं व्हायच्या आत ती बंदच करता येत नाही. तीन वर्षांनंतर मुदतीआधी बंद केली, तर व्याज बचत खात्याच्या दरानं मिळतं, म्हणजे आरडीच्या दराऐवजी ४ टक्के. त्या बाईंचं बरंचसं व्याज त्यात गेलं असतं. त्याऐवजी बारा हप्ते भरून वर्ष झालेलं असेल तर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, आरडीच्या दरापेक्षा २ टक्के जास्त व्याजानं. वीस हजार घेऊन सहा महिन्यांत फेडले तर व्याज नऊशेच्या आत, आणि मूळ पैशावर आरडीचं व्याज चालूच. तिनं कर्ज घेतलं. हप्ता भरायलाच जमत नसेल तर थकलेल्या हप्त्यावर शंभराला एक रुपया दंड आहे, सावकारापुढं तो काहीच नाही.

पीएफवाल्यांना याहून मोठी गोष्ट सांगायची आहे. काम सुटलं की लोक पीएफबरोबर पेन्शनच्या खात्यातलेही पैसे काढायला निघतात. ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेची, मासिक पेन्शन मिळायला १० वर्षांची सेवा लागते. आठ वर्षं भरलेल्यानं ती रक्कम काढली की आठही वर्षं पुसली, नव्या कारखान्यात पुन्हा एकपासून मोजणी. न काढता स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे भरलेल्या वर्षांचा दाखला, घ्या, किंवा नवीन काम लागल्यावर त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवर, खातं पुढं न्या. २०१४ पासून किमान पेन्शन महिना १,००० रुपयेच आहे. आयुष्यभर मागापुढं उभ्या राहिलेल्या माणसाला हजार रुपये, याची मला चीड येते. तरीही हातातला हक्क सोडू नका. आणि ज्यांचा पीएफच कापला जात नाही, असे कितीतरी यंत्रमाग कामगार या शहरात आहेत. त्यांचं म्हातारपण म्हणजे ही आरडी आणि पोरं, एवढंच. टॅरिफचा सगळ्यात मोठा फटका त्यांनाच बसतो, आणि बातम्यांत ते कुठंच नसतात.

आता सरांचा प्रश्न. ते १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेले, त्यामुळं एनपीएसमध्ये, म्हणजे बाजाराशी जोडलेल्या नव्या पेन्शन योजनेत. ७ एप्रिल २०२५ ला सेन्सेक्स एका दिवसात २,२२७ अंकांनी पडला, तेव्हापासून त्यांची झोप उडालेली. मी म्हटलं, सर, सरकारी नोकरांच्या नेहमीच्या पर्यायात शेअरचा हिस्सा थोडाच असतो, आणि तुम्हाला निवृत्तीला अजून बरीच वर्षं आहेत. २३ एप्रिलला तोच सेन्सेक्स ८०,००० च्या वर बंद झाला. अमेरिकेतही तसंच: ३ आणि ४ एप्रिलला तिथला बाजार दोन दिवसांत १० टक्क्यांहून जास्त पडला आणि ९ तारखेला एकाच दिवसात ९ टक्क्यांच्या वर चढला. तिथल्या नोकरदारांचा म्हातारपणचा पैसा मोठ्या प्रमाणात शेअरमध्ये असतो. घाबरून ४ तारखेला ज्यानं विकलं त्याचा तोटा पक्का झाला. ज्याला दोन-तीन वर्षांत पैसे लागणारच आहेत, त्यानं तेवढी रक्कम आधीच शेअरमधून काढून ठेवावी. बाकीच्यांनी एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातला दरमहाचा हप्ता, चालू ठेवावी.

निवृत्त झालेल्यांना टॅरिफची झळ लागते ती व्याजातून, आणि तिची चर्चा फार कमी होते. टॅरिफमुळं व्यापार मंदावेल ही काळजी रिझर्व्ह बँकेलाही होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ६.५ टक्के असलेला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बाकीच्या बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, आधीच खाली यायला लागला होता. ९ एप्रिलला, म्हणजे ज्या दिवशी अमेरिकेचा नवा कर लागू व्हायचा होता त्याच दिवशी, तो ६ वर आला, जूनमध्ये ५.५ वर, डिसेंबरमध्ये ५.२५ वर. महागाई उतरली होती हेही त्याचं मोठं कारण. कर्जवाल्यांना बरं झालं. पण मुदत संपून एफडी नव्यानं ठेवायला गेलेल्या आजोबांना बँकेत कमी दर मिळाला. दहा लाखांवर साडेसात ऐवजी साडेसहा टक्के मिळाले तर महिन्याला आठशेच्या वर रुपये कमी, आणि घरात बीपी-शुगर असेल तर तेवढ्याची औषधंच येतात. साठी ओलांडलेल्यांनी एफडी नव्यानं ठेवण्याआधी पोस्टात येऊन ज्येष्ठांच्या योजनेची चौकशी करावी. ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, एकदा ठेवल्यावर पाच वर्षं दर बदलत नाही, आणि व्याज दर तिमाहीला मिळतं.

सोन्याबद्दलही विचारता. एप्रिल २०२५ मध्ये तोळा लाखावर गेला तो याच भीतीनं. घरात आहे ते राहू द्या, पण आरडी मोडून चढ्या भावानं सोनं घेऊ नका.

आणि हप्ता भरणं जमत नसेल तर माझ्यापासून लपवू नका. मी आले की दार लोटून घेणारी घरं मला कळतात आणि फार वाईट वाटतं, कारण अडचण असते तेव्हाच काहीतरी करता येतं. ओळीनं चार हप्ते थकले की खातं बंद पडतं, आणि ते पुन्हा सुरू करायला दोनच महिने मिळतात. दुसरा हप्ता थकला की मला सांगा, पासबुक घेऊन आपण दोघी पोस्टात जाऊ.